पायरीवरचं पाणी

पायरीवर तांब्या होता, आणि त्यावर करवंटी उपडी घातलेली होती.

दिवेलागणीची वेळ. मी खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, तोंडाशी थांबले, हातातली पिशवी खाली ठेवली. कैक वर्षांनी घर बघायला आले होते. भावाच्या मुलांनी घर विकायचं ठरवलं होतं. त्याआधी एकदा बघून येते म्हटलं. भिंती पडल्या असतील, कौलं उडाली असतील, माड तोडले असतील, या सगळ्याची मनाची तयारी करून आले होते. तांब्याची तयारी केली नव्हती.

ओल्या चिऱ्याचा वास तोच. मागून दर्याची गाजही तीच. पडवीतून एक बाई पदराला हात पुसत बाहेर आली. ती सुलू, गंगूची सून. गंगू म्हणजे आमचं घर राखणारी. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

"पाणी ठेवतेस अजून?" मी विचारलं.

"होय तर. सासूनं सांगितलंन व्हतं, घराची रीत हाय म्हणून," सुलू म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

कोणासाठी, ते तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी पायरीच्या कडेला अंग चोरून बसले आणि तांब्याकडे बघत राहिले. बघता बघता संध्याकाळ मागे मागे सरकत गेली.

आमचं घर रत्नागिरीला, मिऱ्याच्या वाटेवर. चिऱ्याच्या चार भिंती, पुढे पडवी, पडवीला तीन पायऱ्या, मागे विहीर आणि थोडे माड. घरात अण्णा, म्हणजे माझे वडील, आई, मी, माझा धाकटा भाऊ आणि काकू. काकू म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावाची बायको. थोरले काका फत्तेमारीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. शिडाचं ते मोठं गलबत इथून मीठ आणि सुकी मासळी घेऊन मलबाराकडे जायचं आणि कौलं, मिरी, चिनीमातीच्या बरण्या घेऊन परत यायचं. आमच्या घरावरची कौलं त्यांनीच आणलेली. अण्णांची इंग्रजी शाळाही त्यांच्याच दर्यावरच्या कमाईतून झालेली. मी पाळण्यात होते, तेव्हा एका नारळी पौर्णिमेनंतर ते गेले आणि आले नाहीत. वादळ म्हणा, खडक म्हणा, घरात त्याबद्दल कोणी काही बोलत नसे. गलबताची एक फळीसुद्धा कुठल्या किनाऱ्याला लागली नाही.

म्हणजे मी त्यांना पाहिलेलंच नाही. पण त्यांचा वास मला ओळखता यायचा. माळ्यावरचा त्यांचा पेटारा उघडला की डांबर, लवंग आणि घामेजल्या कांबळ्याचा असा एकत्र वास यायचा. काकू वर्षातून एकदा, भाद्रपदातल्या उन्हात, तो पेटारा उघडायची. आम्ही मुलं नाक पुढे करून बसायचो. आजही कुठे डांबर उकळताना दिसलं की मला एक न पाहिलेला माणूस आठवतो. हे कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, म्हणून सांगत नाही.

रोज दिवेलागणीला काकू तांब्या चिंचेनं लख्ख घासायची, विहिरीचं ताजं पाणी भरायची आणि खालच्या पायरीवर ठेवायची. वर करवंटी. दर्यावरून आलेल्या माणसाच्या पायांना मीठ असतं. ते मिठाचे पाय तसेच घरात आणायचे नसतात, लक्ष्मीला सोसत नाही, असं ती म्हणे. ते पाणी फक्त काकांचं. आम्ही चिखलातून खेळून येऊ देत, शाळेतून येऊ देत, आमचे पाय विहिरीवर. माझ्या भावानं एकदा आळसानं त्या तांब्याला हात घातला, तेव्हा काकूनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की आईसुद्धा चमकली. काकूनं कोणावर हात उचललेला मी तेवढाच पाहिला.

सकाळी ती करवंटी उचलून बघायची. कधी पाणी असायचं तेवढंच असायचं. कधी कमी झालेलं असायचं. "आज कमी झालंय," ती म्हणायची, दूध तापलंय म्हणावं इतक्या साध्या आवाजात. अण्णा त्या वेळी धोतराचा सोगा नीट करत दुसरीकडे बघायचे. आई म्हणायची, "मुंगूस पितंय मेलं." पण मुंगूस पिऊन झाल्यावर करवंटी परत झाकून ठेवतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती.

त्या वर्षी पावसात अण्णांना मुंबईहून बोलावणं आलं. नवे मंत्री झाले होते आणि त्यांच्या कचेरीत इंग्रजी आणि मराठी दोन्ही नीट लिहिणारे कारकून हवे होते. रत्नागिरीच्या कचेरीत वर्षानुवर्षं खर्डेघाशी केलेल्या अण्णांना एकदम मंत्र्यांच्या कचेरीत जागा. वाडीत पेढे वाटले गेले. नारळी पौर्णिमा झाली की बोटी सुरू होतील, पहिल्या बोटीनं निघायचं, असं ठरलं.

आणि घर उलटंपालटं झालं. शिंप्याकडून बंद गळ्याचा कोट शिवून आला. तो पावसाळी हवेत बुरसू नये म्हणून चुलीवर सुकट धुरवायच्या मांडवीला टांगला, तर त्याला सुकटीचा वास लागला. अण्णा चिडले, आई पदरात तोंड लपवून हसली. मंत्र्यांना कळू दे माणूस कुठला आहे ते, म्हणाली. अण्णांनी आमची बोलीही सुधारायला घेतली होती. "नाय" म्हटलं की ते हात वर करायचे. "मंत्र्यांच्या कचेरीत 'नाय' चालणार नाही. नाही म्हणा, नाही." माझा भाऊ मग मुद्दाम दिवसभर नाही नाही करत फिरायचा, जेवायला हाक मारली तरी.

आमसुलं भरली, कुळथाचं पीठ दळलं, फणसपोळ्यांच्या घड्या केल्या. सुंभाच्या दोऱ्यांनी वळकट्या आवळल्या. पाटा-वरवंटा न्यायचा की नाही यावरून आई-अण्णांचं दोन दिवस बोलणं बंद झालं. "मुंबईत दगड मिळत नाहीत काय?" अण्णांचं म्हणणं. "ह्याला माझा हात बसलाय," आईचं. शेवटी पाटा गोणपाटात गुंडाळला गेला. भिंतींवर जिथे जिथे वस्तू होत्या, तिथे तिथे फिकट चौकोन उरले. घर बोलताना घुमायला लागलं. मला ते घुमणं आवडायचं नाही. आपण बोललेलं कोणीतरी आत बसून परत म्हणून बघतंय असं वाटायचं.

काकूचं काय, हे मात्र कोणी बोलेना. ती सगळ्यांचं बांधून देत होती, स्वतःचं काहीच बांधत नव्हती.

बोलले ते भटजी. नारळी पौर्णिमेला काका जाऊन बारा वर्षं पुरी होत होती. परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं शास्त्र आहे. घर बंद करून निघताय, तर हे उरकूनच निघा, असं त्यांचं म्हणणं. पडवीत ते हे सांगत असताना काकू आत तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही. पण सूप वाजायचं थांबलं.

पुतळा जळला की तिचं कुंकू जाणार, बांगड्या जाणार, हे मलाही कळत होतं. तिचं कुंकू मोठं असे, रुपयाएवढं. सकाळी अंधूक उजेडात ती आरशाशिवाय लावायची आणि ते नेमकं मध्ये बसायचं.

अण्णांचा राग करावा असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही. भटजी गेल्यावर ते आईला म्हणाले, "दादाला पाणी मिळालं नाही गं. बारा वर्षं तहानलेला आहे तो. सकाळी तांब्यातलं पाणी कमी झालेलं दिसतं, मला तिकडे बघवत नाही. त्याच्या जिवावर मी शिकलो. त्याला पाणी न देता मी मंत्र्याच्या खुर्चीशेजारी जाऊन बसू?" एकाच तांब्यातलं पाणी. काकूला त्यात जिवंत माणसाचे पाय दिसायचे आणि अण्णांना मेलेल्याची तहान.

शेवटी काकूच म्हणाली, "भावोजी, देवीला विचारूया. ती सांगेल तसं."

वाडीच्या देवीचं देऊळ टेकाडावर, जांभ्याचं, आत भरदिवसा अंधार. तिथे कौल लावतात. गुरव तगरीच्या पाकळ्या पाण्यात भिजवतो आणि देवीच्या उजव्या-डाव्या खांद्यांवर चिकटवून गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आणि आमच्या देवळाची रीत अशी की कौल ज्याचा, पाणी त्याच्या घरचं.

"त्यांचं विचारायचं तर पाणी त्यांच्याच तांब्यातलं न्या," काकू म्हणाली आणि आंघोळीला गेली.

सकाळची पेज नुकतीच उतरली होती. मी चुलीपाशी शेकत बसले होते. आईनं पायरीवरचा तांब्या आत आणला, त्यातलं पाणी मोरीत ओतलं आणि पेजेवरची निवळ वस्त्रगाळ करून त्यात भरली. वर थोडं साधं पाणी घातलं. हे सगळं तिनं इतकं घाईनं आणि इतकं नीट केलं, की क्षणभर मला वाटलं, अशीच रीत असेल. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते. तांब्या माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "सांडू नको गो. आणि बोलू नको."

मी सांडलं थोडं. टेकाड चढताना हातावर आलं, वाऱ्यानं वाळलं आणि बोटं एकमेकांना चिकटली.

अण्णांनी नवा कोट घातला होता. काकू खांबाला टेकून बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून. धोंडू गुरवानं पाकळ्या तांब्यात बुडवल्या, देवीच्या खांद्यांवर लावल्या आणि हात जोडले.

"बाय माझे, ह्या घरचा माणूस दर्यावर गेला तो परत आला नाय. असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे. लेकरांची वाट मोकळी कर."

मग आम्ही बसलो. बाहेर सरी येत होत्या, जात होत्या. देवळात तेलाचा, भिजलेल्या शेळ्यांचा आणि कोटाच्या सुकटीचा वास. पाकळ्या हलल्या नाहीत. गुरवानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं. समईत तेल घातलं. पाकळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या, वळल्या, तरी त्या तिथंच. काकूची नजर एकदा उजव्या खांद्यावर जायची, एकदा डाव्या. मी तेवढी सरळ नजर पुन्हा कोणाची पाहिली नाही. आई खाली बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती देवीची क्षमा मागत होती की पेजेला घट्ट धर म्हणत होती, कोण जाणे.

दुपार कलली. धोंडू गुरव आमच्याकडे वळला. त्याचा उजवा हात पाठीमागे होता. मी बाजूला बसले होते म्हणून मला दिसलं, तो अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळत होता, चिकटलेलं सोडवत होता. त्यानं आईकडे पाहिलं. मग काकूच्या कुंकवाकडे पाहिलं.

"आज देवी बोलत नाय," तो म्हणाला.

"असं कधी झालंय?" अण्णांनी विचारलं.

"माझ्या बापाच्या वेळेला झालं व्हतं म्हणतात. देवी बोलत नाय तवर हाय ता तसाच ऱ्हावूचा. पुतळा करूचा नाय."

अण्णांनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. देवीच्या पुढे जाऊन भटजीचं ऐकणारे ते नव्हते.

घरी आल्यावर तांब्या काकूनं माझ्या हातातून घेतला. चिंच घेऊन ती विहिरीवर बसली, तांब्यात हात घातला आणि थांबली. बोट बाहेर काढून तिनं अंगठ्यावर घासलं. नाकाशी नेलं. आई मागच्या दारात उभी होती, उंबऱ्याच्या आत, पोर चोरी करून उभं राहतं तशी. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं, आता काकू ओरडेल. माझ्या नवऱ्याचं उत्तर तू चिकटवून ठेवलंस, म्हणेल.

काकूनं तांब्या घासला. दोनदा घासला. ताजं पाणी भरून पुढच्या पायरीवर ठेवला, करवंटी घातली आणि परत येऊन आईला म्हणाली, "गंगूला सांगितलं पाहिजे. उद्यापासून पाणी तिनं ठेवायचं. माझी दोन लुगडी तुझ्या वळकटीत मावतील काय बघ."

आई तिथंच उंबऱ्यावर बसून रडली. उजवी पाकळी पडली असती तर काकू घर सोडून हलली नसती. डावी पडली असती तर पांढऱ्या कपाळानं आमच्याबरोबर आली असती. आईला ती हवी होती, आहे तशी, कुंकवासकट. त्यासाठी तिनं प्रत्यक्ष देवीचं तोंड बंद केलं. माझ्या भित्र्या आईनं, जी पालीलाही घाबरायची.

निघायच्या दिवशी बोट बंदरात लांब उभी होती. पडावातून तिच्यापर्यंत जायचं. काका गेल्यापासून काकूनं होडीत पाय ठेवला नव्हता. ती कडेला बसली आणि पडाव हलला तसा तिनं हात पाण्यात सोडला. बोटीला लागेपर्यंत तो तसाच होता. वर चढल्यावर तिनं तो पुसला नाही. वाळल्यावर मनगटावर मिठाची पांढरी रेघ दिसत होती. ती तिनं मला दाखवली आणि ओळखीची खूण दाखवावी तशी हसली.

मुंबईत दोन खोल्यांत आमचा संसार थाटला गेला. अण्णा कचेरीत गेले, मंत्री बदलले, अण्णा तिथंच राहिले. "नाही" म्हणायला शिकलेला माझा भाऊ शाळेत पहिला आला. रत्नागिरीहून कोणी आलं की काकू आधी विचारायची, "गंगू पाणी ठेवते ना?" ठेवते म्हटलं की मग चहा. दर दिवेलागणीला ती गॅलरीत उभी राहायची, तोंड दक्षिणेकडे. शेजारच्या बायकांना वाटायचं, वारा खाते.

ती गेली तेव्हा कुंकू कपाळावर होतं. आईनं तिला हिरवं लुगडं नेसवलं, हिरवा चुडा भरला, ओटी भरली. बायका तिच्या पाया पडत होत्या, अहेव गेली, भाग्याची म्हणत होत्या. दहाव्याला अण्णांनी काकूला तिलांजली दिली. मग त्यांनी आणखी एक ओंजळ भरली आणि कोणाचंही नाव न घेता सोडून दिली. भटजींनी विचारलं, ही कोणाची? अण्णा म्हणाले, "आहे एकाची."

यानंतर सगळं निवायला हवं होतं. निवलं नाही. आई म्हातारी झाली, अंथरुणाला लागली, तेव्हा एकदा भर दुपारी माझा हात धरून म्हणाली, "उजवी पडणार व्हती काय गो?"

मला कळलं नाही असं मी दाखवलं.

"तो जिवंत असेल कुठंतरी. देवी सांगणार असेल. मी तिला बोलू दिलं नाय."

"आई, काका कधीच गेले होते," मी म्हणाले.

"ता तुला कोणी सांगितलंन?" तिनं विचारलं. तिनं माझा हात सोडला नाही आणि पुन्हा तो विषयही काढला नाही. पण त्या दुपारपासून मलाही त्या दोन पाकळ्या दिसतात, अंधाऱ्या गाभाऱ्यात, कडा वळलेल्या. त्यांतली एक सुटायला बघते आहे. कुठली, ते दिसत नाही. काकूनं आपलं उत्तर आईच्या मायेसाठी सोडून दिलं, हे मला माहीत आहे. ते सोडताना तिला किती जड गेलं असेल, ते मला अजून पेलत नाही.

सुलूनं चहा आणला. तिन्हीसांजेचा उजेड पायरीवरून उतरून खळ्यात गेला होता. मी चहा घेतला. तिनं करवंटी उचलून तांब्यात डोकावून पाहिलं.

"सकाळी कमी झालेलं असतं का कधी?" मी विचारलं.

"कधी कधी असतंय. मुंगूस येत असेल," ती म्हणाली. मग करवंटी परत ठेवत, "ताई, घर विकलाव म्हणजे नवीन माणसं येतील. आमी पण कुवारबावला लेकाकडे जाणार. तर ह्या पाण्याचं काय करू? उद्यापासून ठेवू, की नको ठेवू?"

साधा प्रश्न होता. होय किंवा नाही, एवढंच सांगायचं होतं. मी तोंड उघडलं. दर्याची गाज ऐकू येत होती. माडाचं एक सुकलं झाप खळ्यात पडलं. माझी जीभ पेज लागल्यासारखी जागच्या जागी चिकटून राहिली.

सुलूनं तांब्या उचलला, शिळं पाणी माडाच्या मुळाशी ओतलं, विहिरीवरून ताजं आणून पायरीवर ठेवलं आणि करवंटी घातली.

"पाय धुवा आणि आत या. दमलाव असाल," ती तांब्याकडे हात करून म्हणाली.

मी उठले, चपला काढल्या आणि पाय धुवायला मागे विहिरीवर गेले.